उंबऱ्याबाहेरची उपासना

माझी धाकटी जाऊ एके वर्षी बोलेनाशी झाली होती. जेवेना, केस विंचरेना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. तेव्हा मी प्रभूपुढे गुडघे टेकून नवस बोलले होते, "देवा, हिच्या ओठांवर पुन्हा शब्द येऊ दे. मी दर वर्षी उपवासकाळात लहानथोरांना अंगणात बसवून एक गोष्ट सांगेन, आणि सांगताना कुणाची भीड धरणार नाही." जाऊ बोलू लागली. नवस मी फेडते आहे. तेव्हा बाळांनो, बायांनो, दादांनो, ऐका. सांगता सांगता माझा आवाज चढला, तर तो तुमच्यावर नाही एवढं ध्यानात ठेवा.

फार फार मागच्या काळी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावात एक दगडी देऊळ होतं आणि त्या देवळात प्रभू ख्रिस्ताची उपासना चाले. माणसं कष्टाळू होती, देवभीरू होती. पण त्यांची एक रीत होती.

उपासनेच्या दिवशी मंडळीचे पुढारी, ज्यांना सगळं गाव 'वडील' म्हणे, देवळाच्या दारात उभे राहत. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "काय घेऊन आलात?" आणि प्रत्येकानं उत्तर द्यायचं, "आनंद!" उत्तर आलं की वडील बाजूला होत आणि माणूस उंबरा ओलांडून आत जाई.

रीत सुरू झाली तेव्हा चांगलीच होती. प्रभूमध्ये आनंद करा, असं शास्त्र सांगतं. कुणा भल्या माणसाला ते मनापासून आवडलं असेल. पण पुढं पुढं रीत राहिली आणि मन निघून गेलं. तळपायाला गळू झालेला माणूस लंगडत येई आणि दात आवळून म्हणे, "आनंद!" नवऱ्याला मातीआड करून आलेली बाई पदराचा बोळा तोंडात धरी, तो काढी, "आनंद" म्हणे, आणि पुन्हा बोळा धरी. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सांगा, हे वावगं आहे की नाही?

त्या गावात एक गाणारी होती. विणकराची बायको. तिनं स्तोत्र उचललं की रानातली गुरं माना वर करत, असं लोक म्हणायचे. आणि एका सकाळी ती उठली, तर तिच्या आतलं सगळं विझून गेलेलं. घरात काही घडलं नव्हतं. नवरा मायाळू, माग चालता, कोठीत धान्य. पण तिला अन्न मातीसारखं लागू लागलं. दिवस उगवला की तो मावळायची वाट बघायची आणि मावळला की झोप यायची नाही.

मग शेजारपाजार जमला.

"काय कमी आहे गं तुला?" एकीनं विचारलं.

"जरा फिरायला जात जा. घरात बसून डोकं भणभणतं."

"माझ्या मावशीचं तर तुझ्याहून वाईट होतं. तिनं कधी असं तोंड पाडलं नाही."

"प्रार्थना कमी पडतेय, दुसरं काय!"

एकजण तर खाली वाकून कानात कुजबुजली, "काही पाप लपवलं असशील तर सांगून टाक. मी कुणाला नाही सांगायची."

अशी सगळी आली, बोलली आणि आपापल्या घरी जाऊन पोटभर जेवली. एकीनंही तिच्या चुलीवर भांडं चढवलं नाही. विहिरीत पडलेल्या माणसाला वरून पोहण्याचे धडे द्यावेत, तशातली गत. दोर मात्र कुणी सोडत नव्हतं.

उपासनेचा दिवस आला. गाणारी भिंतीचा आधार घेत देवळाच्या दारापर्यंत पोचली. वडिलांनी विचारलं, "काय घेऊन आलीस?"

ती म्हणाली, "काही नाही, वडील. हात रिकामे आहेत."

"असं म्हणू नये. 'आनंद' म्हण आणि आत ये."

"पण नाहीये ना."

"नसला तरी म्हणायचं. म्हटलं की येतो."

"मी रोज म्हणून बघते. नाही येत. वडील, आत प्रभू आहे ना? मग खोटं बोलून त्याच्यापुढं कशी जाऊ?"

वडील दुष्ट नव्हते, बरं का. पण रीत मोडली तर देऊळच कोसळेल, अशी त्यांची समजूत होती. ते म्हणाले, "मग बाहेर थांब. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत तुला मुदत. तोवर आनंद घेऊन आली नाहीस, तर प्रभुभोजनाची भाकर तुला मिळायची नाही. तू आमच्यातली राहायची नाहीस."

आणि दार लागलं. तिचा नवरा मागंच उभा होता. त्यानं बायकोकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, हळूच "आनंद" म्हणाला आणि आत गेला. माणूस मायाळू होता, पण भित्रा होता. ती पायरीवर बसली.

विणकराच्या घरामागच्या आळीत एक म्हातारी राहायची. प्रभूच्या आठवणीसाठी मंडळीत वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर तीच भाजायची. उपासनेला नेहमी उशिरा यायची, कारण वाटेत भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय तिचं पाऊल पुढं पडत नसे. तिनं पायरीवरच्या पोरीला पाहिलं, तिच्याकडून सगळं ऐकलं आणि दारावर थाप मारली.

वडिलांनी दार किलकिलं केलं. "काय घेऊन आलात, आजी?"

"राग!" म्हातारी म्हणाली. "टोपलीभर आणलाय. कुठं ठेवू?"

"आजी, उपासना चालू आहे."

"असू दे. देव बहिरा नाही, त्याला दोन्हीकडचं ऐकू येतं. या पोरीला बाहेर का बसवलंत?"

"तिचा विश्वास डळमळलाय. विश्वास असता तर मन असं खचलं नसतं."

"अस्सं! गेल्या पावसाळ्यात तुमची दाढ ठणकली, तेव्हा गाल धरून लवंगेच्या तेलासाठी दारोदार फिरलात. तेव्हा तुमचा विश्वास कुठल्या खुंटीला टांगला होता, वडील? दाढ दुखली तर दुखणं, आणि काळीज दुखलं तर पाप?"

आत कुणीतरी फिसकन हसलं. वडिलांचे कान लाल झाले.

"एकीला सूट दिली, तर उद्या सगळे रडत येतील."

"येऊ देत की! रडायला माणसानं जावं तरी कुठं? बाजारात? आणि ऐकून ठेवा, हिला भाकर नसेल, तर त्या दिवशी पीठ तुमचं तुम्हीच मळा."

दार पुन्हा लागलं. म्हातारीनं पदर खोचला आणि धाप्पदिशी गाणारीच्या शेजारी बसली. बोलली मात्र काही नाही. आतून गाण्याचे सूर येत होते. दोघी ऐकत बसल्या.

दुसऱ्या दिवशी म्हातारी पेजेचं भांडं घेऊन विणकराच्या घरी गेली. गाणारी भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"आजी, देवानं माझ्याकडं पाठ फिरवलीय."

"तसं वाटत असेल हो पोरी." म्हातारीनं वाद घातला नाही. पेज निववायला ठेवली आणि तिच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवू लागली.

"मी नसते तर सगळ्यांना बरं झालं असतं."

म्हातारीचे हात थांबले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे मला सांगितलंस, ते बरं केलंस. पुन्हा मनात आलं तरी मलाच सांगायचं. कुठल्याही वेळी. आणि मला नाही बाई तुझ्यावाचून बरं वाटायचं." तिनं केसांना तेलाचं बोट लावलं. "एलीया संदेष्टा माहीत आहे ना? केवढा माणूस! त्याच्या शब्दासरशी आकाशातून अग्नी उतरला. आणि तोच माणूस पुढं एका झुडपाखाली जाऊन पडला आणि म्हणाला, देवा, पुरे झालं, आता मला ने. देव त्याला ओरडला का? म्हणाला का, ऊठ, आनंद कर? नाही. देवानं त्याला झोपू दिलं. दूत पाठवून निखाऱ्यावर भाकर भाजली, उशाशी पाणी ठेवलं. म्हणाला, खा, वाट लांबची आहे. आधी भाकर, पोरी. देवाचं बोलणं मागाहून, तेही अगदी हळू."

गाणारीनं दोन घोट पेज घेतली. तेवढंच. म्हातारीनं आणखीचा आग्रह केला नाही.

विणकर दाराशी उभा राहून ऐकत होता. म्हातारी त्याच्याकडं वळली. "अन् तू रे? खांबासारखा काय उभा राहिलास?"

"मी काय करू, आजी? मला काही सुचत नाही."

"सुचायची वाट बघू नकोस. नदीपलीकडं वैद्य आहे, त्याला घेऊन ये."

"लोक म्हणतील, प्रार्थनेवर विश्वास नाही."

"लोकांना म्हणावं, वैद्याला हात कुणी दिले? सैतानानं? जा लवकर."

वैद्य आला. त्यानं नाडी पाहिली, डोळे पाहिले, किती झोपतेस, काय खातेस ते विचारलं आणि म्हणाला, "ताप जसा अंगात शिरतो, तसा हा आजार मनात शिरतो. यात हिचा दोष नाही. काढा देतो. पण हिला एकटी ठेवू नका." इतक्या दिवसांत 'यात हिचा दोष नाही' असं बोलणारा तो पहिला माणूस. गाणारीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आता तुम्ही म्हणाल, काढा घेतला आणि झाली बरी. नाही हो. एक दिवस बरा जाई, पुढचे दिवस पुन्हा काळोखाचे. म्हातारी मात्र रोज जाई. आणि उपासनेच्या दिवशी दोघी देवळाच्या पायरीवर बसत. आता विणकरही बसू लागला, आधी एक पायरी सोडून, मग बायकोला खेटून. एकदा ती विधवा दारात उत्तर द्यायला पुढं झाली, पण तोंडातला बोळा काही तिला काढवेना. ती तशीच मागं फिरली आणि पायरीवर येऊन बसली. गळूवाला म्हणाला, "मलाही सरकून घ्या रे. आत पाय दुमडून बसायचं म्हणजे जीव जातो." हळूहळू पायऱ्या भरत चालल्या.

शुभ शुक्रवार आला. त्या दिवशी वडील स्वतः प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचत. उन्हाळा होता, म्हणून दार सताड उघडं होतं. आत मूठभर माणसं, बाहेर पायऱ्या माणसांनी गच्च. वडील खड्या आवाजात वाचत होते. खिळे ठोकले. अंधार पडला. आणि मग वधस्तंभावरची ती आरोळी आली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?"

"वडील!" बाहेरून म्हातारीचा आवाज आला. "हे कोण बोललं?"

वडील अडखळले. "प्रभू... प्रभू बोलला."

"आनंद म्हणाला का तो?"

म्हातारी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत रागाचं पाणी होतं. "नाही ना म्हणाला? मग त्यालाही बाहेर काढा! ज्याचं काळीज फाटलं, ज्याला देव लांब गेलासा वाटला, त्याला तुमच्या देवळात जागा नाही ना? मग पाठवा त्याला इकडं. आमच्यात आहे जागा. आम्ही सरकून बसू."

वडिलांच्या हातातलं शास्त्र मिटलं. आतली माणसं खाली मान घालून एकेक करून उठली आणि बाहेर आली. देवळात वडील एकटेच उरले. बराच वेळ ते उभे होते. मग उंबऱ्याशी आले. पुढं काय करावं, ते त्यांना कळेना. पायरीवर जागा नव्हती. तेव्हा गाणारी थोडी सरकली.

"मला असं बसायला येत नाही," वडील पुटपुटले. "मी आयुष्यभर दारात उभाच राहिलो."

"शिकाल," म्हातारी म्हणाली. "सुरुवातीला गुडघे दुखतील."

वडील बसले. बाजूला गाणारी होती. तिच्याकडं न बघता ते म्हणाले, "पोरी, मी चुकलो." ती उठून गेली नाही.

पुनरुत्थानाच्या पहाटे दारात कुणी उभं नव्हतं. कुणी हसत आत गेलं, कुणी रडत. मंडळीनं विजयाचं स्तोत्र म्हटलं. गाणारी गायली नाही. तिचा आवाज अजून परतला नव्हता. ती इतरांच्या गाण्यात नुसती बसून राहिली, आणि ते गाणं तिच्याही वतीनं वर जात होतं. वडिलांनी आपल्या हातांनी प्रभुभोजनाची भाकर तिच्या ओंजळीत ठेवली.

उपासना संपवून घरी आल्यावर ती चुलीपाशी टेकली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, भूक लागलीय."

विणकर वेड्यासारखा अंगणात धावला. "आजी! ऐकलंत का? भूक लागलीय म्हणते!" आणि म्हातारी डोळे पुसत, पिठानं माखलेले हात तसेच घेऊन, त्या घराकडं पळत सुटली.

आवाज परत यायला पुढं पुष्कळ दिवस गेले. पण आला. आणि त्या गावात पुन्हा कुणाला दारात अडवून आनंद मागितला गेला नाही.

तात्पर्य: खचलेल्या माणसाकडं आनंद मागू नये, त्याच्याजवळ जाऊन बसावं, प्रभू तिथं आपल्याआधीच येऊन बसलेला असतो.

आता माझी एक विनंती. तुमच्या ओळखीत असं एक तरी दार असेल, जे हल्ली फारसं उघडत नाही. तुम्हीही एक नवस बोला: उपदेश घरी ठेवून, काहीतरी ऊन ऊन खायला घेऊन, त्या दारी जायचं. आणि ते दार तुमचंच असेल, तर माझ्या लेकरा, आतून फक्त एक हाक मार. आम्ही येतो.