हरबाशेटची पळी आणि सोनडोहची घंटा

घंटा फुटली! साचा फोडून बाहेर काढली, तर कडेपासून गळ्यापर्यंत ही लांब चीर! राघू ओतारी मटकन खालीच बसला.

सोनडोहला हिवाळ्यात नदीवर धुकं असं दाटायचं, की नावाड्यांना काठ दिसत नसे. नावा घाट चुकायच्या, खडकावर आपटायच्या. म्हणून गावाने मोठी घंटा करायचं ठरवलं आणि घरोघरची भांडी गोळा केली. कुणी काशाचं ताट दिलं, कुणी पितळेची कळशी. हरबाशेट वाण्याने तेवढी एक पळी दिली, तीही दांडा मोडलेली. घंटा ओतायचं काम राघूकडे आलं आणि हे असं झालं.

राघूने काय करावं? भट्टीचं दार लावलं, आतून कडी घातली आणि कुणी हाक मारली की जोरजोरात खोकायला लागला!

"बाबा, सांगून टाकू या," त्याची लेक भिवरा म्हणाली.

"गप बस! दुसरी ओतली की कुणाला कळणारसुद्धा नाही."

न कळायला गाव काय झोपलं होतं? चावडीवर, पाणवठ्यावर एकच विषय. राघूने आमची भांडी विकून खाल्ली! सगळ्यात मोठा गळा हरबाशेटचा. दिली होती पळी, तक्रारी मात्र घंगाळभर. शेवटी सगळे मिळून राजवाड्यावर गेले, राघू आणि भिवरालाही ओढून नेलं, आणि पोचले ते नेमके निंबाजीराजांच्या वामकुक्षीच्या वेळी.

राजे मुळातच हट्टी, त्यात झोपमोड झालेली. "काय हा कलकलाट! ओतारी, पौर्णिमेला घंटा टांगली गेली पाहिजे. आणि त्या दिवशी घंटेविरुद्ध एकसुद्धा तक्रार आमच्या कानांवर पडता कामा नये. पडली, तर भट्टी विझवायची आणि गाव सोडायचं!"

"सरकार, लोकांची तोंडं मी कशी धरू?"

"धरायचीच नाहीत! कुणाला दटावायचं नाही, हाकलायचं नाही, कुणाच्या हातावर काही ठेवायचं नाही. ज्याला बोलायचंय, त्याला आम्ही समोर उभं करू!"

राघूची बोबडी वळली. भट्टी गेली तर त्यांना दुसरं होतं काय? पण राजाच्या मिशीआडचं हसू पाहून भिवराचं डोकंच फिरलं. "बरं, सरकार! तक्रार करणारा करेल, आणि ती आपल्याला ऐकू येणार नाही. ठरलं!"

घरी येताच तिने कडी काढली, दार सताड उघडलं आणि चार शेजारी बोलावून फुटकी घंटा अंगणात आणली.

"या, बघा! आमच्याच हातून फुटली. साचा ओला होता, आम्ही घाई केली. वर तुमच्यापासून लपवली, ती त्याहून मोठी चूक. तुमची भांडी सगळी हिच्यातच आहेत. हीच वितळवून पुन्हा ओतणार. रोज येऊन बघा!"

निम्म्या गावाचा राग तिथेच उतरला. गौराकाकू म्हणाल्या, "अगं, फुटली म्हणून नाही गं रागावले. माझ्या सासूबाईंचं ताट होतं ते. कुठं गेलं एवढं तरी सांगायचंत!" भिवराला मनापासून लाज वाटली.

सिदू नावाड्याची तक्रार निराळी. "घंटा वर देवळापाशी टांगताय म्हणं? धुक्यात आम्ही असतो खाली. देवाला कशापायी वाट दाखवता?"

"खरंच की!" भिवरा म्हणाली आणि घंटेची जागा थेट घाटाच्या टोकाला हलवली.

राहिला हरबाशेट. रोज यायचा, ओट्यावर बसायचा आणि नाकाने कांदे सोलायचा. माती बरोबर नाही, जाळ बरोबर नाही, भात्याला सूर नाही!

"माझी पळी घंटेत कुठे येणार गं?"

"सगळ्यात जास्त टोले बसतात ना शेटजी, तिथे!"

"हसा, हसा! पौर्णिमेला राजांसमोर सांगणार आहे मी. ह्या घंटेला आवाजच नाही!"

"अजून ओतली नाही, तोवर कळलं?"

"मला कळतं!"

"मग नक्की या. घसा साफ करून या!"

पौर्णिमा उजाडली. घाटाच्या टोकाला नवी घंटा, तिच्याखाली राजांची बैठक आणि भोवती सारं गाव. राजांनी आल्याआल्या विचारलं, "कुणाची तक्रार आहे?" हरबाशेट लगबगीने पुढे झाला.

"सरकार," भिवरा मध्येच म्हणाली, "घंटेचा दोष दाखवायचा तर घंटा वाजायला नको का? शेटजींनीच दोर ओढावा आणि ओढता ओढता खुशाल बोलावं."

"रास्त आहे. ओढा शेट!"

शेटने दोर ओढला. ठण्ण! घाट हादरला. पारव्यांचा थवा देवळावरून उडाला. शेट तोंड उघडून काहीतरी ओरडला. ठण्ण! राजांनी कानामागे हात धरला. "काय म्हणता?" शेट आणखी जोरात ओरडला आणि जोर आला म्हणून दोरही आणखी जोरात ओढला. ठण्ण! ठण्ण! शेटचं पागोटं सुटलं, चेहरा लालबुंद झाला. पलीकडच्या तीरावरून सिदू नाव हाकत आला आणि विचारू लागला, "कोन बोलावतंय? कुनाला जायचंय पल्याड?"

अखेर शेट धापा टाकत खाली बसला. घंटा शांत झाली.

"आता सांगा, काय म्हणत होता?" राजांनी विचारलं.

"सरकार, मी म्हणत होतो, ह्या घंटेचा आवाज ऐकूच येत नाही!"

राजांनी मांडीवर थाप मारली. "सापडलीस, पोरी! पडली की तक्रार आमच्या कानांवर! विझवा भट्टी!"

राघूने डोळे मिटून घेतले. भिवराने हात जोडले, पण मान काही खाली घातली नाही.

"सरकार, ही तक्रार कुठली? ही तर साक्ष! घंटेला आवाज नसता, तर आपल्याला हे पहिल्या टोल्यालाच ऐकू आलं नसतं का?"

मग राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते असे खदखदून हसले, की छत्र धरणाराही हसत सुटला. मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी भिवराच्या हातात घातलं आणि राघूची भट्टी राजवाड्याच्या खर्चाने नवी बांधायचा हुकूम दिला.

"आणि हरबाशेट, तुमच्या तक्रारी आम्हाला रोज ऐकायच्या आहेत. धुकं पडलं की घाटावर यायचं, दोर ओढायचा आणि मन मोकळं करायचं!"

शेट अजून येतो. काय बोलतो ते कुणालाच ठाऊक नाही, पण त्या हिवाळ्यापासून एकही नाव घाट चुकलेली नाही.