इंत्रूच्या विहिरीची पहिली कळशी

फार वर्षांपूर्वीची, सांडोळ गावात एकही इमारत नव्हती तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा सांडोळ म्हणजे एक चर्च, केळीच्या बागा, पानवेलींचे मळे आणि पलीकडे खाडी. सगळा धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चची सगळी वस्ती, घंटेच्या आवाजात मावायचा. गावात विहीर खणणारा एकच, इंत्रू. तो जमिनीला कान लावून खाली पाणी कुठे कुजबुजतंय ते सांगायचा, असं म्हणतात. बायकोचं म्हणणं त्याने कधी धड ऐकलं नाही, पाण्याचं मात्र बरोबर ऐकायचा.

एका वर्षी खाडीचं खारं पाणी गावातल्या सगळ्या विहिरींत शिरलं. इंत्रूची एकुलती एक लेक फिलू, तिचं लग्न तोंडावर आलेलं. इथली रीत अशी, की लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, गोडं पाणी आणायचं आणि त्याने नवरीला न्हाऊ घालायचं. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. ते नाही तर लग्न नाही. म्हणून इंत्रूने चर्चमागच्या उंबराखाली नवी विहीर खणली. पाणी लागलं ते शहाळ्यासारखं गोड. ‘हिची पहिली कळशी माझ्या लेकीची,’ असं त्याने गावभर सांगून टाकलं.

आदल्या दिवशी वाजंत्री निघाली. विहिरीवर येऊन बघतात तर मिठागरावर कामाला आलेली एक परमुलखातली बाई काठाशी उभी. कडेवर मूल, त्याचे ओठ सुकलेले.

"दादा, पोराला घोटभर पाणी द्या."

"आता नाय बाय," इंत्रू म्हणाला. "पयली कळशी माझ्या फिलूची. मंग तू ये."

माणूस वाईट नव्हता हो. लेकीच्या लग्नात बापाचं डोकं ठिकाणावर नसतं, एवढंच.

बाई पोराला घेऊन मिठागराकडे परत गेली. फिलूने कळशी ओढली, चव घेतली आणि तिचं तोंड वाकडं झालं. पाणी खारट! वाजंत्री थांबली. नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघू लागली. आता लग्न मोडणार, हे इंत्रूला कळून चुकलं.

फिलूच म्हणाली, "बाबा, त्या पोराचं पानी आपण घेतलं. जा, तिला घेऊन ये."

इंत्रू मिठागराकडे धावत सुटला. त्या धावण्याने जी वाट पडली तिलाच आता स्टेशन रोड म्हणतात, असं म्हणतात. त्याने बाईला हाताला धरून आणलं, हात जोडले आणि दोर तिच्या हातात दिला. तिने कळशी ओढली. मूल पोटभर प्यायलं, खुदकन हसलं, आणि विहीर काठापर्यंत भरून आली. पाणी पुन्हा गोड! फिलूचं लग्न ठरल्या वेळी लागलं. इंत्रू मात्र मरेपर्यंत एकच सांगत राहिला, "पयली कळशी परक्याची."

पुढे बागा गेल्या, इमारती आल्या, कुठून कुठून माणसं राहायला आली. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण घरात लग्न निघालं की परका शोधायला त्यांनाच जावं लागे. कधी नवा भाडेकरू, कधी वॉचमन, कधी इस्त्रीवाला. पाणी काढल्यावर त्याला जेवायला थांबवायलाच हवं. जेवला की तो घरचा, मग पुढच्या लग्नाला दुसरा परका शोधा! विहीर बुजवायला आणलेली माती आपोआप विरघळून जाई, असंही म्हणतात. मला विचाराल तर, ती बुजवू देणारं कोणी उरलंच नव्हतं.

आता सांडोळचं उपनगर झालं आहे. टॉवरमधली माणसंही, मग धर्म कुठला का असेना, लग्नाच्या आदल्या दिवशी इथे पाण्याला येतात. मध्यंतरी तिथल्याच एका मुलीचं लग्न होतं. बँडचा आवाज ऐकून फिलूची नात, म्हातारी लुदीनबाय, विहिरीशी येऊन उभी राहिली. त्या गर्दीत तिला ओळखणारं कोणीच नव्हतं. तेवढ्यात नवरीचं लक्ष गेलं. ती दोर घेऊन तिच्याजवळ आली.

"आजी, पहिली कळशी तुमची."

लुदीनबायला रडू आवरेना. मग डोळे पुसून तिने कळशी ओढली, ओंजळभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "गोड हाय गो."

सांडोळची नवरी आजही आधी काठाशी कोण एकटं उभं आहे ते बघते, आणि मगच दोराला हात लावते.