मापात चुकलेला पट्टा

नदीकाठच्या एका बाजारगावात अच्युत मेस्त्री नावाचा सुतार होता. हात कसलेला, पण जीव भारी उतावळा. एक काम हातात असे तेव्हा मन पुढच्या कामात. त्याची बायको शालन म्हणायची, "तुमच्या पायाला भिंगरी आहे." तिचं बोलणं पुरं होईपर्यंत तो दाराबाहेर पडलेला असे.

एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्यानं लाकूड घासायचं भलंमोठं यंत्र आणलं. दोन रुळांवरून पॉलिश पेपरचा रुंद पट्टा गरगर फिरे आणि त्याखालून फळी गुळगुळीत होऊन निघे. वरचा रूळ वर उचलला की पट्टा ताणला जाई, खाली आणला की सैल होई. त्या यंत्राच्या भरवशावर अच्युतनं शाळेची साठ बाकं करायला घेतली.  निम्मी बाकं घासून झाली आणि पट्टा फाटून त्याच्या चिंध्या झाल्या. शाळा उघडायला तेव्हा बारा दिवस उरले होते.

अच्युतनं उभ्याउभ्या रुळांभोवती सुतळी फिरवली, माप कागदावर खरडलं आणि बाजार गाठला. दुकानदार म्हणाला, "एवढा रुंद पट्टा कुणी ठेवत नाही, मेस्त्री." तो तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला. कुठं लांबी जुळे, तर रुंदी वीतभर कमी पडे. चार दिवस अशा खेपा चालल्या. त्याला घास गोड लागेना. बसमध्ये जागा असली तरी तो दाराशी उभा राही.

पाचव्या दिवशी त्याला शहरातल्या ताराबाईंचा पत्ता लागला. मापाप्रमाणे पट्टे कापून, जोडून देण्याचं काम त्या करत. हव्या त्या रुंदीचा एक गुंडाळा त्यांच्याकडे शिल्लक होता. त्यात जेमतेम दोन पट्टे निघाले असते.

ताराबाईंनी विचारलं, "मोजताना वरचा रूळ कुठं होता?"

"मोजलंय मी. तुम्ही कापा," अच्युत म्हणाला.

त्यांच्याकडे वीस वर्षं सांधे जोडणाऱ्या बबनरावांनी पट्ट्याची दोन्ही टोकं चिकटवून जोडली आणि पट्टा दिवसभर सुकवून अच्युतच्या हवाली केला.

घरी येऊन त्यानं पट्टा चढवला, तर तो सैल. वरचा रूळ शेवटपर्यंत उचलला तरी ताण येईना. तिथंच थांबायचं, तर अच्युतनं यंत्र सुरू केलं. पट्टा सरकत कडेला गेला, लोखंडात अडकला आणि टरकन फाटला. फाट नेमकी सांध्यातून गेली होती.

शहराकडे परत जाताना अच्युतच्या मनात एकच घोळत होतं. सांधा फाटलेला तर दिसतोच आहे. कोण विचारणार?

ताराबाईंसमोर पट्टा टाकत तो म्हणाला, "तुमचा सांधा टिकला नाही."

ताराबाईंनी बबनरावांना हाक मारली. "बबनराव, सांधा कच्चा राहिला का?"

बबनरावांनी फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला. "राहिला असेल, बाई," ते हळूच म्हणाले. "हल्ली नजर कमी झालीय माझी. हे काम आता दुसऱ्याला द्या."

 अच्युत दोनदा दारापर्यंत गेला आणि परत आला.

"सांधा चांगला होता," तो शेवटी म्हणाला. "पट्टा सैल होता. सैल आहे हे दिसत असूनही मी यंत्र चालवलं. माप माझंच चुकलं."

बबनराव खाली बसले आणि कपाळावरचा घाम पुसू लागले. ताराबाई रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज करडा झाला. "जुना पट्टा फाटला तेव्हा रूळ उसळून पार वर गेला असणार. तुम्ही तसंच मोजलंत. तो मधोमध आणा आणि मग मोजा. गुंडाळ्यात आता एकच पट्टा उरलाय."

अच्युत गावी आला. शालननं पोलादी टेपचं एक टोक धरलं, त्यानं दुसरं. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा एकच आकडा आला, तेव्हाच त्यानं तो लिहिला.

ते माप घेऊन तो पुन्हा शहरात गेला. दुसरा पट्टा जोडून सुकत पडला. अच्युत समोर बसून होता. त्याचा हात दोनदा पट्ट्याकडे गेला. "ओला आहे अजून, मेस्त्री," बबनराव म्हणाले. त्यानं हात मागे घेतला आणि संपूर्ण दिवस तिथंच काढला.

हा पट्टा यंत्रावर ताठ बसला आणि सुरळीत फिरला. तरी शाळा उघडली तेव्हा सहा बाकं व्हायची राहिली होती. अच्युत मुख्याध्यापिकांसमोर उभा राहिला. "माप मी चुकवलं, म्हणून उशीर झाला. परवा आणतो."

मुख्याध्यापिकांनी आलेल्या एका बाकावरून तळहात फिरवला. कुठं कुसळ लागलं नाही. "परवा आणा," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सहाही बाकं आणून वर्गात मांडली. दोन दिवस जमिनीवर बसलेली मुलं त्यावर जाऊन बसली, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

तात्पर्य: उतावळेपणानं झालेली चूक दुसऱ्याच्या माथी मारून सुधारत नाही. ती आपली म्हणून कबूल करावी, म्हणजे मन थाऱ्यावर येतं आणि पुढचं माप बरोबर पडतं.