हौसाक्काचा चिंचोका

खूप खूप जुनी गोष्ट. घाटातून गाडीरस्ता होईल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ज्याला खाली बंदरावर जायचं त्याने पायी उतरायचं, आणि मधला उभा कडा आला की ओझी दोराला बांधून खाली सोडायची. दोर चांगला असला तर माल पोचायचा. नसला तर दरीत जायचा, आणि दरीने कुणाचं काही परत दिल्याचं ऐकिवात नाही.

या घाटाच्या तोंडाशी चिंचेचं मोठं झाड होतं. त्याखाली हौसाक्का बसायची. तरुणपणी डोक्यावर मिठाची ओझी वाहून तिने घाटाचा दगड न् दगड पाठ केला होता. झरा कुठे, मुक्काम कुठे, कुणाची वहाण टिकते, कुणाची भाकरी पोटाला बाधते, सगळं ती येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट सांगायची. न विचारलेलंही सांगायची. बाई बोलकी होती, त्याला इलाज नव्हता.

लोक तिचं ऐकू लागले, तशी झाडाखाली गर्दी जमू लागली. गर्दी दिसल्यावर दुकानदार थोडेच मागे राहतात! वहाणवाला येऊन म्हणाला, "अक्का, तू धाडलेल्या गिऱ्हाइकामागं तुला वाटा देतो. पन ते तूच धाडलंस, हे मला कळायचं कसं?"

अक्काने एक चिंचोका दगडावर घासून एका बाजूने पांढरा केला. "ह्यो ज्याच्या हातात, तो माझा."

मग भांडीवाला आला, घोंगडीवाला आला, दोर वळणारा म्हातारा आला. कुणी वाटा द्यायचं कबूल केलं, कुणी झाडाच्या फांदीला आपलं रंगीत निशाण बांधून त्याचं भाडं दिलं. अक्काच्या डोक्यावरचं ओझं सुटलं. सावलीत बसून, नुसतं बोलून पोट भरणारी बाई पंचक्रोशीने पहिल्यांदाच पाहिली. मला विचाराल तर मला तिचं भारी कौतुक वाटतं, आणि ते नुसत्या बोलण्याचं नाही.

तिच्या दोन रिती होत्या. स्वतः वापरल्याशिवाय ती कशाचंही नाव घ्यायची नाही. आणि चिंचोका देताना प्रत्येकाला बजावायची, "ह्यात माझा वाटा हाय बरं का. आधी हे ऐका, मग काय ते ठरवा." दुकानदार कपाळाला हात लावायचे. वाटसरू मात्र हसायचे आणि चिंचोका कनवटीला लावायचे.

एकदा दोरांचा एक बडा व्यापारी गावात आला. "बाकीचे देतात त्याच्या चौपट देईन," तो अक्काला म्हणाला. "फक्त माझ्या दोराचं नाव घे."

"पावसाळाभर माझ्या विहिरीवर चालू दे, मग घेते."

"पावसाळाभर? अगं, हंगाम निघून जाईल!"

"जाऊ दे. हंगाम परत येतो. दरीत पडलेला येत न्हाई."

अर्धा पावसाळाही सरला नाही, तोच दोर तुटून बादली विहिरीत गेली. दोराला वरून छान वाखाचे चिवट धागे होते, आत कुजकं गवत. अक्काने ते तुकडे व्यापाऱ्यासमोर टाकले. "हे गवत माझ्या तोंडानं विकू व्हय?"

व्यापारी चिडला. त्याने समोरच्या वडाखाली आपला एक माणूस बसवला. तो येईल त्याला गूळपाणी द्यायचा आणि सगळ्याच दुकानांची तारीफ करायचा. दुकानदारांनीही आपली निशाणं तिकडे नेली. वडावर इतकी फडकी लोंबू लागली की त्यांच्यामागे घाटाची वाटच दिसेनाशी झाली. पण फुकटचं गूळपाणी कोण सोडतो?

चिंच ओकीबोकी झाली. अक्काला उतारवयात पुन्हा सकाळची ओझी उचलावी लागली. चढावर दम लागला की तिला वाटायचं, एकदा घेतलं असतं त्या दोराचं नाव, तर काय बिघडलं असतं? तिला रडू यायचं. पण दुपारी ती झाडाखाली येऊन बसायचीच, आणि एखादाच वाटसरू आला तरी त्याला तेच बजावायची.

एके सकाळी वाजतगाजत एक मेणा आला. व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी बंदरावर सासरी निघाली होती. मेणा कड्यावरून दोरानेच खाली सोडायचा होता. वडाखालचा माणूस मालकाच्या कोऱ्या दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून धावत आला.

व्यापाऱ्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तडक चिंचेखाली गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "अक्का, दोर कुणाचा घेऊ?"

वडाखाली गूळपाणी पिणाऱ्यांचे हात तसेच थांबले.

अक्काच्या अगदी जिभेवर आलं होतं, की तुझाच घे की! पण मेण्याच्या पडद्याआडून पोर बघत होती. अक्काने शब्द गिळला.

"म्हाताऱ्याचा घे. दोन पावसाळे चाललाय माझ्या विहिरीवर." तिने कनवटीचा चिंचोका काढून त्याच्या हातावर ठेवला. "आन् ह्यात माझा वाटा हाय बरं का."

व्यापाऱ्याने मूठ मिटली. मग तो म्हाताऱ्याकडे दोर आणायला गेला.

मेणा सुखरूप उतरला. वडाखालचे वाटसरू गूळपाणी टाकून केव्हाच चिंचेखाली येऊन बसले होते. त्यांच्यामागून दुकानदार आले, आपापली निशाणं काखेत मारून. अक्काने सगळ्यांना जागा दिली, फक्त घाटाची वाट दिसते ती बाजू मोकळी ठेवायला सांगितली. त्यानंतर तिने डोक्यावर ओझं घेतलं नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्याच्या शब्दावर लोक वाट चालतात, त्याने आपला वाटा खुशाल घ्यावा आणि उघड सांगावा, पण शब्द मात्र विकू नये.