रणगाड्याचं झाकण

“मग हा खरा का दिसत नाही?”

डॉ. मृणाल गाडेकरांनी हे विचारलं तेव्हा त्यांचा आवाज जरा चढलाच होता. टेबलावर वीतभर लांबीचा प्लास्टिकचा रणगाडा होता. टेबलापलीकडे रणनवरे मास्तर शांतपणे चष्मा पुसत होते.

मास्तर नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी छोटे रणगाडे बनवायला घेतले, आणि हळूहळू लोक शिकायला येऊ लागले. मास्तर शिकवायचे थोडं आणि बोलायचे त्याहून थोडं.

मृणालबाई दातांच्या डॉक्टर. हाताला अशी सफाई, की रोगी खुर्चीतच डुलक्या काढत. आयुष्यातला हा पहिलाच रणगाडा, पण जोडला असा, की कुठं सांधा दिसेल तर शपथ. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमान लपवून ठेवण्याची त्यांना सवय नव्हती.

“एक तरी सांधा दाखवा,” त्या म्हणाल्या.

“नाही दिसत.”

“रंग कुठं जाड बसलाय?”

“नाही.”

“मग?”

मास्तरांनी रणगाडा उचलला. कानाशी धरून हलवला. परत खाली ठेवला.

“कवळी झकास झालीय,” ते म्हणाले.

बाईंचा चेहरा लाल झाला. उठून जावं असं त्यांना वाटलं असणार. पण त्या उठल्या नाहीत.

“मास्तर, हा शोकेसमध्ये ठेवायला नाही केलेला. अण्णांसाठी केलाय.”

अण्णा म्हणजे त्यांचे वडील, दफेदार किसनराव गाडेकर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रणगाडा चालवला होता. आता ते एकेक गोष्ट विसरत चालले होते. जेवलो की नाही, ते विसरत. कधी मुलीचं नावही विसरत. सगळं पुसलं जायच्या आधी अण्णांनी एकदा आपला रणगाडा ओळखावा, एवढंच बाईंना हवं होतं.

“दाखवलात त्यांना?”

“काल दाखवला. छान आहे म्हणाले...”

“आणि?”

“कुणाचा आहे, असं विचारलं.”

बाईंनी रणगाडा पिशवीत ठेवला.

“मी सोडणार नाही. पुन्हा करीन.”

“करा. पण हा आलाय कुठून?”

“कुठून म्हणजे? खोक्यातून.”

“तेच दिसतंय.”

पुढच्या रविवारी बाई परत आल्या. मास्तरांच्या बोलण्याचा त्यांनी आपल्या परीनं अर्थ लावला होता. रणगाड्याला अंगभर चिखल, अंगभर गंज, आणि ओरखड्यांचं तर विचारूच नका. गाळात लोळून आलेली म्हैस परवडली.

“आता?” बाईंनी विचारलं.

“हा वापरात आहे, की भंगारात काढलाय?”

“वापरात आहे.”

“मग यात चढतात कुठून?”

बाईंनी रणगाडा इकडून तिकडून न्याहाळला.

“वरून.”

“विमानातून?”

बाई ओशाळल्या.

“पहिला पाय कुठं पडतो? हातानं काय धरतात?” मास्तरांनी विचारलं.

“मला कसं माहीत असणार? मी कुठं चढलेय कधी?”

“तुमच्या घरात चढलेला माणूस आहे.”

“विचारलं हो! सारखं विचारते. त्यांना नाही आठवत, मास्तर...”

मास्तरांनी बाईंपुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

“मग विचारू नका. त्यांच्यासमोर चढा.”

“कसं?”

“चुकीचं.”

“म्हणजे?”

“तुम्हाला जड जाईल,” मास्तर म्हणाले. “पण बघा प्रयत्न करून.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते. बाईंनी दिवाणाला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाल्या, “अण्णा, मी तुमच्या गाडीवर चढते हं!” साडीचा काचा खोवून त्यांनी उजवा पाय दिवाणाच्या कडेवर ठेवला आणि हातानं खिडकीची जाळी धरली. आपण किती वेड्यासारख्या दिसत असू, हे त्यांना चांगलं कळत होतं. तरी त्या हटल्या नाहीत.

“ए! उजवा न्हाई!”

अण्णा खुर्चीतून उठले होते.

“डावा पाय आधी. खाली हूक आहे, त्याच्यावर. अन् ती जाळी सोड. दिव्याची जाळी ती, हातात येईल उखडून. हितं धर, कडेला. हां... आता बूड टेक अन् सरक आत.”

बाई सरकल्या.

“आत जागा आहे का, अण्णा?”

“कसली जागा? एकदा बसलं की खिशातला रुमाल निघत न्हाई.”

अण्णा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मग खुर्चीत बसले आणि चहा झाला का म्हणून विचारू लागले. चहा नुकताच झाला होता. बाईंनी पुन्हा केला.

मग त्यांनी रणगाड्यावरचा सगळा चिखल आणि गंज काढून टाकला. नवा हिरवा रंग दिला. खालच्या हुकावर, जिथं अण्णांचा डावा पाय पडे, तिथला रंग तेवढा घासून उडवला. जिथं ते हातानं धरत, तिथलाही उडवला. त्या जागांवर बोटाच्या टोकानं पेन्सिलीचं शिसं चोळलं, लोखंडासारखं चमकायला लागेपर्यंत. बाकी कशाला हात लावला नाही.

तिसऱ्या खेपेला बाई मास्तरांकडे आल्या तेव्हा रणगाडा खरा दिसतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांचे डोळे सुजलेले होते.

“काय झालं?” मास्तरांनी विचारलं.

“अण्णांनी मांडीवर घेतला. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग दोन बोटं पुढं केली... एक बोट हुकावर ठेवलं. मग दुसरं. बोटं चढत गेली, मास्तर. चढत गेली आणि चालकाच्या झाकणाशी थांबली.”

“बोलले काही?”

“माझी गाडी, म्हणाले.”

बाई रडू लागल्या. मास्तरांनी रडू दिलं.

“मग म्हणाले, ‘मृणाल, झाकण उघड.’ माझं नाव घेतलं त्यांनी! आणि झाकण मी पक्कं चिकटवून टाकलंय. फट दिसू नये म्हणून.”

मास्तरांनी झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं. नख कुठं अडकलं नाही. इतकं सुरेख काम होतं ते.

त्यांनी पातळ पात्याची सुरी बाईंपुढं ठेवली.

“कड फुटेल,” बाई म्हणाल्या.

“फुटेल.”

“काम बिघडेल सगळं...”

मास्तरांनी सुरी आणखी पुढं सरकवली.

बाईंनी सुरी उचलली. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि पातं कडेत घातलं. कट्‌ असा आवाज झाला. झाकण निघालं, पण कडेचा एक टवका उडाला. बाईंनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पर्समधली छोटी बॅटरी काढून त्यांनी भोकातून आत उजेड पाडला.

“आत काहीच नाही, मास्तर. सीट नाही, दांडे नाहीत, नुसतं रिकामं आहे. अण्णा घरी वाट बघतायत. तुम्ही फक्त सांगा, आत काय काय करायचं. मी केल्याशिवाय उठणार नाही.”

मास्तरांनी सुटं झाकण उचललं आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं.

“काही करू नका. अण्णा आत बसल्यावर जागा कुठं उरणार?”