कोऱ्या पाटीचा गुलाब

धामणवाडीच्या बागेत शिरलं की डाव्या हाताला एक गुलाब दिसतो. साऱ्या बागेत नावांच्या पाट्या, याची मात्र कोरी. शहरातले पाव्हणे चष्मा पुसपुसून ती वाचतात. वाचू द्यावी, तेवढीच आम्हाला करमणूक.

असं सांगतात, की ही बाग आबासाहेब जहागीरदारांची. त्यांना गुलाबांच्या जाती लावण्याचा भारी नाद. पिवळ्यांचा वाफा निराळा, गुलाबींचा निराळा, लालांचा निराळा. दर आठवड्याला स्वारी पाहणीला यायची. माळी होता गोंदा रासकर. त्याचं निम्मं आयुष्य पाट्या ठोकण्यातच गेलं म्हणे.

एक रोप गोंदानं स्वतः डोळा भरून, कलम करून तयार केलं होतं. पहिलं फूल पिवळं आलं, म्हणून त्याला पिवळ्यांत लावलं. पाहणीच्या दिवशी बघतात तर गुलाबी.

"हा घुसखोर इथं कसा?" आबासाहेब म्हणाले.

गोंदानं ते उपटून गुलाबींत नेलं. पुढच्या खेपेला ते लाल दिसलं. पुन्हा कुदळ. अशी पाच वेळा मुळं उघडी पडली. पानं झडली, एवढीशी एक कळी उरली. इकडे गोंदाची कंबर धरली.

"तुमची न् त्याची एकच गत," बायको सगुणा शेक देता देता म्हणाली. "दोघांनाही कुणी बूड टेकू देत नाही."

अशात हुकूम आला, जात ठरव, नाहीतर चुलीत घाल. आता उपटलं तर रोप जगणार नाही, हे गोंदाला कळत होतं. भांडायचं त्राण नव्हतं. त्यानं रोपाशेजारी घोंगडी अंथरली.

"सरकार, माझ्यानं होत नाही. आपणच बसा, आपणच ठरवा."

आबासाहेब हट्टी, बसले. कळी उमलली ती पिवळी.

"पिवळा. लिही." आबासाहेबांनी कोरी पाटी पुढे केली.

"उद्या लिहितो, सरकार."

दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी झालं, तिसऱ्या दिवशी लालभडक. तोवर जहागीरदारांचे गुडघे आखडले होते.

"अरे, मग हा आहे तरी कोण?"

"दमलाय, सरकार," गोंदा म्हणाला. "आधी बसू द्या त्याला."

आबासाहेबांनाही लगेच उठवेना. हातातली पाटी त्यांनी तशीच मातीत खोचली म्हणे.

आजही त्या गुलाबापाशी कुणी थकलाभागला येऊन बसला, तर धामणवाडीत त्याला नाव, गाव, कूळ विचारत नाहीत. तांब्याभर पाणी ठेवतात आणि आपापल्या कामाला जातात.