भिवराईचा बिनधुराचा दिवस

फार फार मागची गोष्ट, आपल्या पणज्याच्या पणज्यानं ऐकलेली. डोंगराच्या कुशीतल्या कुसळवाडीत भिवराई नावाची वैदीण राहायची. तिच्या हाताला असा गुण, की मरणाच्या दारातला माणूस उठून भाकरी मागायचा, असं म्हणतात.

रोज सकाळी ती टेकडीवर चढायची आणि गावाकडं बघायची. ज्या घराच्या कौलांतून धूर निघाला नाही, तिथली बाई आजारी. मग झाडपाल्याची झोळी घेऊन ही तिकडं निघाली. सगळ्या घरांवर धूर दिसला की म्हणायची, "गाव ठणठणीत!" गावही तेच म्हणायचं. चूल पेटलीय ना, मग बाईला काय धाड भरलीय!

एके सकाळी सगळीकडं धूर होता. भिवराईच्या स्वतःच्या घरावरही. ती खुशीत खाली उतरली, दारातूनच म्हणाली, "मंजुळे, भाकरी वाढ गं." ओ नाही. आत जाऊन बघते तर काय! चूल धडधडतेय, तव्यावर भाकरीचा कोळसा झालाय, आणि तिची सून मंजुळा पिठाच्या हातांनी तिथंच आडवी पडलीय. अंग तापानं भाजत होतं, पण जीव गेला होता.

अरे देवा! गावभरच्या नाड्या बघणारी बाई, आणि घरातल्या सुनेच्या कपाळाला हात लावला नाही! शेजारीण रडत म्हणाली, "आठ दिवस तापानं फणफणत होती हो. म्हणायची, चूल पेटवतेय तोवर मी बरीच की."

भिवराईला रडूसुद्धा फुटेना. तेरावा झाला तशी ती घरोघरी गेली आणि बायकांना एवढंच बोलली, "उद्या जिचं काही दुखत असेल, तिनं चूल पेटवू नये."

दुसऱ्या दिवशी ती टेकडीवर चढली. अख्ख्या गावात एकाही घरावर धूर नव्हता. एकाही!

पुरुष हबकले. "आमची तर चांगली धडधाकट आहे, कालच पायलीभर दळलं तिनं!" येसू पाटील ओरडला. मग बाप्ये स्वतःच चुली फुंकायला बसले. फुंकून फुंकून डोळे लाल झाले, पण लाकूड पेट घेईना, असं म्हणतात. भिवराई कडाडली, "चुलीला काय फुंकताय मेल्यांनो? बायकोला विचारा, कुठं दुखतंय!"

येसू पाटलानं खाली मान घालून विचारलं. पाटलीण म्हणाली, "कंबर. बारा वर्षं झाली." आणि चुलीत आपोआप जाळ झाला! घरोघरी तसंच झालं, असं म्हणतात.

आजही पौषातल्या त्या दिवशी कुसळवाडीत बाई चुलीपाशी जात नाही. घरातला पुरुष तिच्यासमोर बसतो आणि विचारतो, "कुठं दुखतंय?" ती सांगेपर्यंत कुणी घास तोंडात घालत नाही. आणि "कुठं काय, काही नाही" हे उत्तर त्या दिवशी भिवराईच्या गावात धरत नाहीत.